दीदीच्या कार्डावरचा आकडा

माझी दीदी सुकुरमणी गेली त्याला दोन महिने झाले. जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या मोठ्या नर्सबाई म्हणाल्या, रेबती, आमच्या शिकणाऱ्या पोरींसाठी तिचं काय झालं ते लिही. मला लिहायचं फार जमत नाही. बोलते तसंच टाकते.

दीदी चहाच्या बागेत चाळीस वर्षं पानं खुडत होती. हात असा चालायचा की खुडणाऱ्यांवर देखरेख करणारा सरदार म्हणायचा, "सुकुरमणी, झुडपाला श्वास तरी घेऊ दे." ती म्हणायची, "तूच घे, तुला दुसरं काम काय आहे."

मी त्याच बागेत पाणीवाली. खुडणाऱ्या बायांना चहा नेऊन पाजायचा हे माझं काम. आमचा चहा मिठाचा. दूध नाही, साखर नाही. घाम जातो म्हणून मीठ. दीदीच्या वाटीत मी एक चिमूट जास्त टाकायचे, तिला आवडायचा म्हणून. माझ्याच हाताने टाकायचे.

एकदा बाहेरून डॉक्टरीणबाई आल्या. म्हणाल्या, या मिठाने रक्ताचा दाब चढतो, आणि चढलेला दाब दुखत नाही, मोजल्याशिवाय कळत नाही. मी घाबरले. दुसऱ्या दिवशी दीदीला अळणी चहा दिला. तिने एक घोट घेऊन थुंकला.

"हे काय, भांडी धुतलेलं पाणी?"

"तुझ्या जिवासाठी आहे, पी."

तिने पदराच्या गाठीतलं कार्ड काढलं. "बघ. एकशेवीस, खाली ऐंशी. लखिंदरने लिहिलंय. ती बाई खरी आणि आपला पोरगा खोटा काय गं?"

लखिंदर आमच्याच लाइनीतला, म्हणजे बागेतल्या मजुरांच्या चाळीतला. त्याची आई बाळंतपणात गेली, दीदीचं बाळ त्याच महिन्यात गेलं होतं, म्हणून दीदीने त्याला अंगावर पाजला. तिला मोठी आई म्हणायचा. शिकला, बागेच्या दवाखान्यात कंपाउंडर झाला. दर महिन्याला तोच आमचा दाब बघायचा. ब्लाउजच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळायचा, दोनदा फुसफुस करायचा, "मोठी आई, काल काय शिजवलंस?" विचारायचा आणि लिहायचा. दीदी हसतच बाहेर यायची.

मीही मानलं. पुन्हा मीठ टाकायला लागले.

आश्विनात पानं तोलायच्या रांगेत तिच्या डाव्या हातातून टोपली सुटली. तोंड एका बाजूला गेलं. माझं नाव घेत होती, पण ते नाव राहिलं नव्हतं. जिल्ह्याला नेलं तर दाब दोनशे तीस, खालचा एकशे तीस. डॉक्टर रागावले, "इतकी वर्षं दाखवलं नाही?" मी कार्ड पुढे केलं. ते बघतच राहिले. "दोन वर्षं दर महिन्याला हाच आकडा? अहो, सकाळचा दाब संध्याकाळी तोच राहत नाही."

तिसऱ्या दिवशी ती गेली. मेंदूतली शीर फुटली म्हणाले.

घरी येऊन मी माझं कार्ड काढलं. एकशेवीस, ऐंशी. शेजारच्या बुधनीचं मागितलं. तेच. बुधनी अंगाने माझ्या दुप्पट आहे.

दहाव्याला लखिंदर आला. पोटच्या पोरासारखं डोकं भादरून आला होता. मी तिन्ही कार्डं त्याच्यापुढे ठेवली.

"मावशी, पट्ट्याची रबरी पिशवी फाटली होती. हवा धरतच नव्हती. ऑफिसातल्या बाबूला दोनदा सांगितलं, बघू म्हणाला."

"तिसऱ्यांदा?"

"नोकरी नवी होती."

"मग कोरं ठेवायचंस."

"कोरं ठेवलं असतं तर बाया म्हणाल्या असत्या, याला काही येत नाही."

"मोठ्या आईचंही खोटंच लिहिलंस?"

"तिचंच पहिलं लिहिलं. इतकी खूश झाली, मावशी. मग बदलता आलं नाही."

बुधनी म्हणाली, जाऊ दे, पोर रडतंय. रडू दे म्हटलं. मी त्याला त्या दिवशी जेवायला वाढलं नाही. अजून बोलत नाही त्याच्याशी.

नंतर मी जिल्ह्याला जाऊन माझा दाब मोजून घेतला. शिकाऊ पोरगी होती. पाच मिनिटं नुसतं बसवलं, पाठ टेकून, पाय जमिनीवर. बाही वर करायला लावली, हात टेबलावर ठेवला. मी बोलायला लागले तर म्हणाली, "माई, आत्ता गप्प." दोनदा मोजलं. एकशे सहासष्ट, खाली एकशे दोन. वरचा म्हणजे काळीज रक्त ढकलतं तेव्हाचा, खालचा ते विसावतं तेव्हाचा, असं तिने समजावलं. मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

मग तिने विचारलं, "याआधी किती असायचा?"

मी म्हटलं, माहीत नाही.

तिने त्या जागी नुसती आडवी रेघ मारली. मी त्या रेघेकडे बघत बसले. लखिंदरने दीदीच्या कार्डावर अशी एक रेघ मारली असती, तर दीदीने अळणी चहा प्यायला असता. मला शिव्या देत प्यायला असता, पण प्यायला असता.