बेंबीपासून घोट्यापर्यंत

तीन दिवस ऊन नव्हतं. हवा इतकी ओलसर नि जड, की सोलला लावलेलं सोल्युशन वाळेना. बोट लावलं की शेंबडासारखं ताणायचं. लेकीने दुकानाचं शटर वर ढकललं, दिवा लावला, आदल्या दिवशी वजनाखाली ठेवलेले चार जोड काढून पाहिले आणि दोन पुन्हा वजनाखाली सारले. मास्तर अजून दारातच होते. एक हात चौकटीवर, एक कमरेवर. घरापासून दुकान दोनशे पावलं. तेवढ्यात ते तीनदा थांबले होते, आणि तिन्ही वेळा आपण पाट्या वाचायला थांबलोय असा चेहरा केला होता.

"आत या की," लेक म्हणाली. "का उद्घाटनाची फीत बांधू?"

"ते दोन परत का ठेवलेस?"

"ओले आहेत."

"ओले नाहीत, तू थापतेस जाड. जोडा चिकटवतेस का भिंतीला गिलावा करतेस?"

त्यांना सगळे टाचमास्तर म्हणत. चपला-बूट दुरुस्त करणारे त्या भागात आणखी तिघे होते, पण ज्याचा एक पाय आखूड तो यांच्याकडेच यायचा. आखूड पायाच्या जोड्याला नेमकी टाच चढवून द्यावी ती मास्तरांनीच. झिजलेला सोल बघून माणसाची चाल सांगत, आणि चालीवरून नाव ठेवत. फेंगडा, घासट्या, बदक. ही नावं चिठ्ठीवर लिहून जोड्याला बांधत. एका बाईने आपल्या जोड्यावर 'बदक' वाचलं नि दुकानातच रडायला लागली. मास्तर म्हणाले, "अहो, बदक निदान दोन्हीकडे सारखं डुलतं. तुम्ही एकीकडेच." हा किस्सा ते वर्षानुवर्षं हसत सांगत आले.

मग त्यांचाच उजवा खुबा झिजला. चार वर्षं फरफटत काढली आणि शेवटी तो कापून धातूचा बसवला. ऑपरेशन उत्तम झालं. खुब्यातली ती जुनी ठसठस गेली ती गेलीच. पण वॉकर सुटला त्या दिवशी मास्तर खोलीत चार पावलं चालले आणि थबकले. उजवा पाय लांब लागत होता.

"लांब केला मेल्याने," ते म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, वाटतो तसा. चार वर्षं तुम्ही वाकडे चाललात, कंबर एकीकडे कलली आहे, स्नायू आखडलेत. व्यायाम करा, दोन-चार महिन्यांत सरळ होईल. तोवर काही करू नका.

काही करू नका, हे टाचमास्तरांना! घरी आल्यावर पलंगावर उताणे झोपले आणि बायकोच्या हाती टेप दिली. बेंबीपासून घोट्यापर्यंत, डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा. वडिलांनी शिकवलेली रीत. उजवा पाऊण इंच जास्त भरला. डॉक्टरला शिव्या घालत त्यांनी स्वतःच्या हाताने डाव्या बुटाला पाऊण इंचाची टाच बसवली. अशी सुरेख की शिवण शोधावी लागे. पहिल्या दिवशी बूट घालून अंगणात फिरले आणि बायकोला म्हणाले, "बघ. डॉक्टर शिकतात सुरीने, आम्ही शिकतो पायाने."

दोन महिन्यांनी पाठ धरली. मग कुल्ल्यातून एक कळ निघाली, मांडीच्या मागून, पोटरीच्या कडेने, थेट अंगठ्यापर्यंत. उघड्या वायरला हात लागावा तशी. खोकलं की ती, शिंकलं की ती, संडासात बसलं की तीच. मास्तरांनी दुखण्याशी संसार मांडला. पलंगाखाली फळी घातली. दोन गुडघ्यांत उशी धरून कुशीवर झोपायला शिकले. गरम पाण्याची पिशवी पोटच्या पोरासारखी जवळ बाळगली. कळ उठली की भिंतीला पाठ लावून उभे राहत आणि ओठ हलवत आकडे मोजत. सत्तरच्या आसपास ती ओसरायची. बायको म्हणायची, "जन्मभर लोकांना पळवलंत, आता भिंतीला टेकून शंभरी म्हणा." दया तिलाही येत होती. पण ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी तिला इतकं टोचून खाल्लं होतं की ती दया बाहेर काढायला तिला लाज वाटायची.

आठ दिवसांपूर्वी लेक त्यांना पुन्हा डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी एक्स-रे लावला, हाडापासून हाडापर्यंत रेघा ओढल्या. दोन्ही पाय सारखे. केसाएवढाही फरक नाही. मग बूट हातात घेतला, उलटा केला, शिवणीवरून बोट फिरवलं.

"हे कुणी केलं?"

"मी."

"कुठून मोजलंत?"

मास्तरांनी बेंबीवर बोट ठेवलं.

"बेंबी चामडीवर असते मास्तर, हाडावर नसते. कंबर कलली की माप खोटं पडतं. मोजायचं ते कमरेच्या हाडापासून. तुम्ही कललेल्या कमरेखाली पाचर ठोकून ठेवलीत. ती सरळ होणार कशी? सगळी ओढ मणक्यावर, शीर तिथे दाबली गेली आहे." मग त्यांनी उजवा अंगठा वर उचलायला सांगितला. अंगठा थोडा थरथरला आणि पडला. "ही टाच आजच काढा. काढलीत की महिना-दोन महिने आतापेक्षा जास्त दुखेल. नाही काढलीत तर पाऊल लोंबायला लागेल, आणि ते मला परत आणता येणार नाही."

घरी येताना रिक्षात लेक बोलली तेवढंच. "ताणतं त्या चामड्यावर खूण करायची नाही. मी सात वर्षांची असताना याच चुकीसाठी तुम्ही रापीची मूठ माझ्या बोटांवर मारली होती, बाबा."

आज आठवा दिवस. टाच बुटालाच होती. ती काढणं म्हणजे पाच मिनिटांचं काम, रापीचं पातं घालायचं नि ओढायचं. पण पाऊण इंच चामडं निघालं की सोबत आणखी काय काय निघेल, हे मास्तरांना ठाऊक होतं. आजवर जेवढे जोड दिले ते सगळे बेंबीपासून मोजलेले. त्यातल्या कितीजणांनी पाठ दुखते म्हणून तक्रार केली होती! मास्तरांचं उत्तर ठरलेलं, "दुखणं जोड्यात नाही, डोक्यात आहे."

अकराच्या सुमाराला वाचनालयातल्या बाई आल्या. बावीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. लहानपणी पडून डावा पाय मोडला, हाड आखूड जुळलं. मास्तर त्यांच्या जोड्याला दीड इंच देत. चिठ्ठीवर नाव 'शिडी', कारण त्या पुस्तकं काढायला शिडीवर चढत असत. आता चढत नाहीत. कमरेला पट्टा असतो, चालताना एक खांदा पुढे आणि एक मागे राहतो.

"नवीन जोड हवाय," बाईंनी जुना जोड टेबलावर ठेवला. "आणि मास्तर, ऐकलं ते खरं का? तुम्हीही आमच्या पंगतीला आलात म्हणे."

लेकीने मान वर केली. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग जुन्या जोड्याकडे.

"बाई, मागच्या बाकड्यावर जरा आडव्या व्हाल? माप पुन्हा घेतो."

"कशाला? बावीस वर्षं तेच माप आहे."

"ते चुकलंय."

मास्तरांच्या तोंडून हा शब्द त्या दुकानात कुणी ऐकला नव्हता. ते थांबले नाहीत. बेंबी, हाड, कललेली कंबर, एक्स-रे, सगळं सांगितलं, कामाची यादी वाचावी तसं. "तुमचा पाय फार तर अर्धा इंच कमी असेल. मी दीड दिला. तुमच्या पाठीचं..."

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या.

"काय?"

"सहा वर्षांपूर्वी डॉक्टरने सांगितलं. अर्धाच इंच. अगदी तुमच्याच शब्दांत."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले की! याच स्टुलावर बसून बोलले. तुम्ही म्हणालात, बाई, पुस्तकं कमी वाचा. दुकानात तिघं गिऱ्हाइकं होती. तिघंही हसली."

मास्तरांना ते आठवत नव्हतं. आठवत नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि बाईंनी ते पाहिलं.

"मग मी दुसरीकडून अर्ध्या इंचाचा करून घेतला," बाई म्हणाल्या. "तीन आठवडे घातला. उभी राहू शकले नाही. मणका तुमच्या टाचेवर पक्का झालाय मास्तर. आता सरळ करायला गेलं तर मी मोडते, म्हणाले डॉक्टर. म्हणून परत तुमच्याकडे. एवढी हुबेहूब चूक दुसऱ्या कुणाला जमत नाही."

लेक फस्सकन हसली आणि लगेच तोंडावर हात धरला. बाईही हसल्या. मास्तरांना हसता आलं नाही, कारण नेमकी तेव्हाच कळ उठली, कुल्ल्यातून अंगठ्यापर्यंत. त्यांनी भिंत धरली. दोघी बघत राहिल्या. कुणीही पुढे झालं नाही.

"तुमचं अजून वेळेत आहे म्हणे," कळ ओसरल्यावर बाई म्हणाल्या. "नशीबवान आहात. माझं माप लिहून घ्या. दीड इंच. एक सूत कमी नको. आणि माफी वगैरे मागू नका, मला परत वाचनालय उघडायचंय."

त्या गेल्या. मास्तर उंच खुर्चीत टेकले, डावा बूट काढून टेबलावर घेतला आणि टाचेच्या शिवणीत रापी घातली. आपलंच काम, त्यामुळे ते सहज सुटेना. लेक म्हणाली, "द्या इकडे, मी काढते."

"हात लावू नकोस. धार बोथट करशील."

टाच निघाली. ती त्यांनी कातरणाच्या डब्यात टाकली, बूट घातला आणि उभे राहिले. जमीन डावीकडे खाली गेल्यासारखी झाली, पाठीत कुणीतरी पकडीने पीळ घातला. टेबलाची कड धरून त्यांनी दात आवळून मोजायला सुरुवात केली. सत्तर झाले, नव्वद झाले, एकशेवीस झाले. ओसरलं नाही.

"बसा," लेक म्हणाली.

"चामड्याचा जाड तुकडा काढ. काळा. आणि पट्टी दे."

तिने दिला. मास्तरांनी उभ्यानेच पट्टी ठेवली, दीड इंचावर आरीने खूण केली, चूक नीट जुळली का ते जुन्या जोड्याशी ताडून पाहिलं, आणि रापीला धार लावायला दगडावर पाणी शिंपडलं.