अक्कांची वांगी

मुलगी सॉफ्टबॉल शिकणार म्हटल्यावर मी मुद्दाम जळगावला जाऊन तिच्यासाठी कोरा ग्लोव्ह आणला. रेवा सगळं उजव्या हातानं करते, म्हणून उजव्या हाताचा. दुकानदारानं दोनदा विचारलं, मी दोनदा ठणकावून सांगितलं. जामनेरच्या शाळेच्या मैदानावर अक्कांनी तो हातात घेतला आणि शांतपणे विचारलं, "भाऊ, उजवा हात यात घातला, तर पोरगी चेंडू फेकणार कशानं?"

अर्धं आयुष्य गल्लीत क्रिकेट खेळलेल्या माणसाला हे सुचायला हवं होतं. अक्कांनी ग्लोव्ह जरा जास्तच वेळ उलटसुलट करून पाहिला, मैदानाच्या टोकाकडे नजर टाकली आणि तो रेवाला परत दिला. मला वाटलं, हसू दाबतायत.

अक्का म्हणजे शाळेच्या खेळाच्या बाई. मूळच्या शिंदखेड्याच्या. गळ्यात शिट्टी असायची, पण ती वाजलेली कुणी ऐकली नव्हती. नव्या मुलींना त्या आधी चेंडू द्यायच्याच नाहीत. भावाच्या मळ्यातली, बाजारात न गेलेली भरिताची वांगी पिशवीतून आणायच्या आणि ती झेलायला लावायच्या. "हात कडक करू नको, माय. त्याले जागा दे," म्हणत स्वतःचे हात पोटाशी ओढून दाखवायच्या. जिच्या हातून वांग्याला डाग पडेल, तिनं ते घरी न्यायचं.

आमच्याकडे त्या थंडीत सलग अकरा दिवस भरीत झालं. बाराव्या दिवशी ताटात मुगाची डाळ दिसली. लेकीला झेल जमल्याची बातमी मला अशी मिळाली.

मंगलनं मात्र एकही वांगं घरी नेलं नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून येणारी ही मुलगी डावखुरी. शाळेचे सगळे ग्लोव्ह डाव्या हातात घालायचे. ते घातले की हिचा फेकायचा हातच अडकायचा. म्हणून खरा चेंडूही ती उघड्या हातानं झेलायची आणि बोटं सुजवून घ्यायची. वडिलांनी सांगून टाकलं होतं, आणखी एकदा बोट सुजलं की खेळ बंद. कापूस काय कोपरानं वेचणार?

हे मला कळलं ते रेवा एका संध्याकाळी शाळेचा उसवलेला ग्लोव्ह घेऊन घरी आली तेव्हा. "आपला मंगलला दिला. तिला बरोबर बसतो," एवढंच म्हणाली. मी अक्कांना गाठलं. पहिल्याच दिवशी का नाही मागितलात?

"बापानं हौसेनं आणलेली वस्तू," अक्का म्हणाल्या, "मी मागितली असती तर पोरीनं धाकानं दिली असती. मंगलची अडचण तिची तिले दिसू दिली."

मंगलचा खेळ बंद झाला नाही.

या थंडीत अक्का निवृत्त होऊन धुळ्याला लेकीकडे गेल्या. निरोपाच्या दिवशी मंगल पहिल्या बेसवर उभी होती, उजव्या हातात माझा ग्लोव्ह. अक्का आणि मी तिचा खेळ बघत होतो, तेवढ्यात त्यांनी पिशवीतलं एक वांगं न सांगता माझ्याकडे फेकलं. मी डोळे घट्ट मिटून ते छातीशी कवटाळलं. देठ मोडला, शर्टाचंही काम झालं.

"घरी न्या, भाऊ," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते शेवटचं वाक्य.

घरी बायकोनं ते वांगं गॅसवर ठेवलं आणि बराच वेळ नुसतं फिरवत राहिली. अक्कांबद्दल काहीतरी भारदस्त बोलावं म्हणून मी घसा साफ केला, तेवढ्यात तीच म्हणाली, "एवढ्या वर्षांत बाजारातून तुम्ही एकच वस्तू बरोबर आणलीत. तीसुद्धा चुकून."