वरच्या आळीला पाणी

वस्तीत तिला सगळे मोटारआक्का म्हणत. नवरा नदीकाठच्या पंपावर कामाला होता. तो गेला आणि पंपघराची किल्ली तिच्या कमरेला आली, किल्लीबरोबर वस्तीच्या शिव्याही आल्या. पाणी आलं तर ते नदीनं दिलेलं आणि नाही आलं तर आक्कानं अडवलेलं, असा सरळ मामला होता.

वस्ती मुळात नदीलाच लागून होती. एका पुरात निम्मी घरं वाहून गेली, तेव्हा माणसं जरा वर सरकली. मग टेकडीच्या माथ्यावर दगडाची खाण निघाली आणि कामाच्या ओढीनं घरं चढाला लागली. खालची आळी झाली, मधली झाली, वरची झाली. पाणी पायथ्याला, पोट माथ्याला, आणि माणसं मधे लोंबकळत. त्यांना धरून ठेवणारी वस्तू एकच : नदीपासून माथ्यापर्यंत गेलेला जुना लोखंडी पाइप.

त्या पाइपातून पावसाळा सरल्यापासून वरच्या आळीला धड पाणी पोचलं नव्हतं. आज तिथं तिच्या धाकट्या भावाच्या दारात सामान न्यायला ट्रक उभा होता.

"दुपारपर्यंत थांबतो," भाऊ म्हणाला होता. "नंतर नाही. घरात तान्हं पोर आहे आक्का. त्याची दुपटी काय घामानं धुवायची?"

भावजय हंडे उपडे घालून दोरीनं बांधत होती.

दुखणं तिला ठाऊक होतं. खालच्या दोन्ही आळ्यांत एकाही नळाला तोटी नव्हती. लोकांनीच काढून टाकल्या होत्या. नळ उघडा, खाली हंडा. पाणी आलं की हंड्यात आवाज होतो आणि चुलीपाशी बसलेल्या बाईला उठून बघावं लागत नाही. हंडा भरला की पाणी खुशाल गटारात. वर चढायला जोर उरणार कुठून?

तिनं मोटार चालू केली, पाइपावर तळवा ठेवून आतली थरथर नीट लागेपर्यंत थांबली आणि पदरात चिंध्यांचे बोळे घेऊन चढाला लागली. दिसेल त्या नळाच्या तोंडात बोळा कोंबायचा, पुढं जायचं. वीज कधी जाईल याचा नेम नव्हता.

"काय गं आक्का," शिंपीणबाई दारातून ओरडली, "पाणीही तूच सोडायचं आणि बोळाही तूच कोंबायचा?"

"भांडी भरली ना तुझी?"

"भरली. पायरी धुवायची राहिली."

"पायरीला काय मिरवायला न्यायचंय? दाबून धर तो बोळा, निसटतोय."

शिंपीणबाई हसली, पण अंगठा लावून उभी राहिली. शेजारचा म्हातारा ड्रायव्हर मात्र नळासमोर पाय रोवूनच बसला होता.

"त्यांना वर जायला कुणी सांगितलं होतं? उंचावर राहायची हौस ना, मग ढगातलं प्या म्हणावं."

"काका, तुमचा मुलगा खाणीतच जातो ना? वरची आळी उठली की खाणीला माणसं कुठली? खाण उठली की तुमच्या दारात ट्रक लागेल. तेव्हा पुढच्या सीटवर बसून गाडी कशी चालवायची ते सांगा ट्रकवाल्याला."

म्हातारा पुटपुटला, खाकरला आणि स्वतःच्याच हातानं बोळा बसवला.

मधल्या आळीच्या टोकाशी आक्का पोचली तेव्हा पाइप गुरगुरायला लागला होता. आणि तिथंच, तिच्या स्वतःच्या दारासमोर, तिला पाइपाचा सांधा दिसला. नवऱ्यानं त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळली होती. इतकी वर्षं पाण्याला एवढा जोर नव्हता म्हणून ती टिकली. आता ट्यूब बेडकाच्या गळ्यासारखी फुगली होती.

मोटार बंद करायची तर चढलेलं सगळं पाणी माघारी. नाही करायची आणि सांधा फुटला, तर तिन्ही आळ्या कोरड्या. आक्का खाली बसली, दोन्ही हातांनी तिनं सांधा आवळला. बोटांमधून गार फवारे तोंडावर यायला लागले. वर काही हालचाल नव्हती. मग ट्रक चालू झाल्याचा आवाज आला.

"अरे थांब!" ती ओरडली. ते पाण्याच्या सुसाट्यात तिचं तिलाच ऐकू आलं नाही.

आणि वरून एकदम गलका उठला. "आलं! आलं गं!"

थोड्या वेळानं भाऊ धावत उतरला. शर्ट भिजलेला, तोंडभर हसू. तिच्याजवळ येऊन तो थबकला. तिची पांढरी पडलेली बोटं आणि फुगलेली ट्यूब बघून त्याचं हसू मावळलं.

"हे असं आणलंस?"

"आणलं ना? उतरव सामान."

तो उकिडवा बसला. तिच्या हातांवर हात ठेवून त्यानंही सांधा दाबला. "आणि उद्या गं? रोज इथं बसणार? वस्तीची बोळे धरायची हौस किती दिवस टिकेल?"

आक्कानं निसटणारी ट्यूब पुन्हा आवळली.

"तूच चल आमच्याबरोबर. नव्या जागी दारात नळ आहे. पोराला आत्या मिळेल."

"मी आले तर मोटार कोण चालवणार? अख्खी वस्ती माझ्यामागे ट्रकात बसेल रे. मावेल का?"

तो हसला नाही. त्यानं हात काढून घेतले, पाण्यासकट तोंडावरून फिरवले आणि चढ चढायला लागला.

ट्रक तिच्या दारावरूनच उतरला. भावजयीनं पोराला खिडकीशी उंच धरलं. आक्काला हात हलवता आला नाही. ती नुसती मान हलवत राहिली, ट्रक वळणाआड जाईपर्यंत.

"आक्का," माथ्यावरून बायका ओरडत होत्या, "आमची भरायचीत अजून! सोडू नकोस गं!"

तिनं गुडघा सांध्याला लावला आणि पकड आणखी घट्ट केली.