दुनळी लेकीच्या नावावर

त्यांचा अख्खा जन्म बँकेच्या दारात उभं राहण्यात गेला. खांद्याला स्वतःची दुनळी बंदूक, कमरेला काडतुसांचा पट्टा. बँकेतले लोक त्यांनाच ‘दुनळी’ म्हणायचे. माणसावर त्यांनी कधी गोळी झाडली नाही. “झाडावी लागली, तर मी रखवालदार कसला?” असं म्हणायचे.

निवृत्तीनंतर बायको गेली. बोलणं आधीच मोजकं होतं, ते पार आटलं. एकुलती एक लेक गल्लीच्या टोकाला राहायची आणि शाळेचे गणवेश शिवायची. दुपारी ती डबा घेऊन यायची.

एका दुपारी ती आली तेव्हा टेबलावर बंदूक उघडी होती. त्यात नवल नव्हतं, बंदूक ते नेहमीच पुसायचे. पण पट्ट्यातली दोन काडतुसं बाहेर काढून शेजारी उभी ठेवलेली होती.

“तुझ्या आईच्या साड्या बांधून ठेवल्यात, घेऊन जा. आपला पोपट शेजाऱ्यांना दिला.”

“का? तुम्ही कुठं निघालात?”

“मी कुठं जाणार?” त्यांनी मान वर केली नाही.

डबा हातात तसाच धरून ती खाली बसली.

“बाबा, ती बंदूक मला द्या.”

“अशी हातोहात? गुन्हा आहे तो. परवाना माझ्या नावावर आहे.”

“मग रीतसर माझ्या नावावर करा.”

ते हसले. “झुरळ बघून किंचाळतेस तू.”

“किंचाळेन. पण अर्ज करू. आणि मंजुरी येईपर्यंत ती ठाण्यात जमा करू. आत्ताच. मी येते बरोबर.”

त्यांनी दोन्ही काडतुसं उचलून पट्ट्यात परत खोचली. त्या दुपारी बापलेकीत त्याबद्दल जे काही बोलणं झालं, ते तेवढंच. मग त्यांनी बंदूक जोडली, खोळीत घातली आणि बूट चढवले.

ठाण्यातल्या हवालदारानं अर्ज लिहून घेतला. “काका, स्वखुशीनं देताय ना?”

“लेकीच्या खुशीनं.”

“असं लिहिता येत नाही हो.”

“मग स्वखुशीनं लिहा.”

बाहेर पडल्यावर त्यांचा उजवा हात सारखा खांद्याकडे जात होता. तिथं बंदुकीचा पट्टा नव्हता.

पुढं चौकशीला अधिकारी तिच्या घरी आला. मशीनवर अर्धवट शर्ट होता. “बाई, तुम्हाला बंदूक कशाला हवी?”

“वडिलांची आठवण म्हणून.”

“वडील तर आहेत तुमचे.”

“आहेत ना,” ती म्हणाली आणि मशीनवरचा शर्ट सारखा करू लागली. त्यानं तेवढंच लिहून घेतलं आणि कागद मिटला.

बंदूक चालवायचं प्रशिक्षण सक्तीचं होतं. पहिल्याच धक्क्यानं तिचा खांदा काळानिळा पडला. कापड सरकवतानाही कळ यायची. परवाना मिळाल्यावर तिनं बंदूक लोखंडी कपाटात कुलूपबंद केली आणि किल्ली गळ्यात घातली.

वडील रोज तिच्याकडे जेवायला यायचे, पण राहायला काही आले नाहीत. कपाटाकडे पाठ करून बसायचे. एकदा जेवता जेवता म्हणाले, “मला वाचवलंस, असं वाटतं का तुला?”

“नाही. मला भीती वाटत होती, बाबा. मी दार वाजवीन आणि तुम्ही उघडणार नाही, याची.”

त्यांनी घास गिळला. “मीठ जास्त झालंय. उद्या बघून टाक.”

तिला रडू आवरेना. ती पाणी आणायला उठली.

तसे ते आणखी काही वर्षं जगले. सुखानं जगले असं म्हणवत नाही. पुन्हा कधी खळखळून हसले नाहीत, पोपटही परत आणला नाही. शेवटी छातीत कफ साठला आणि हॉस्पिटलात, लेकीचा हात धरून ते गेले. तिला दुःख झालंच, पण त्यामागून सुटल्यासारखंही वाटलं आणि त्याची तिला लाज वाटली.

दिवसकार्याला जमलेल्या नातेवाइकांत कुजबुज चालली होती. “बाप जिवंत असतानाच बंदूक लाटली हिनं. डोळाच होता तिच्यावर.” आत्यानं तर तिला तोंडावर विचारलं, “एवढी कसली घाई होती गं?”

दोन काडतुसांबद्दल सांगितलं असतं, तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. पण मग बाबांचं नाव घेताना लोकांना दुसरं काही आठवलं नसतं.

“घाई होती, आत्या,” एवढंच ती म्हणाली आणि भांडी घासायला आत गेली.