पळायच्या आधीचं अभिनंदन

गेवराईत पन्नाशीला टेकलेली तीन माणसं रोज पहाटे पळायला लागली की वजन कमी व्हायच्या आधी किस्सेच वाढतात. आमचं तसंच झालं. तिघं म्हणजे मी, ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवणारा. दुसरे टायरच्या दुकानाचे मालक सलीमभाई. आणि तिसरे बप्पा, माजी सरपंच, बागायतदार, गावात भलतं वजन. (काट्यावरही!) आम्ही बीडला होणाऱ्या हाफ मॅरेथॉनला नाव घातलं. एकवीस किलोमीटर! किस्से तिघांचे, पण लाज सगळी माझ्या वाट्याला आली. बाकीचे दोघं लाजणाऱ्यातले नाहीतच.

*

सुरुवात चड्डीपासून झाली. सलीमभाईंनी तिघांना गुडघ्याच्या बऱ्याच वर संपणाऱ्या चड्ड्या आणल्या. बायको म्हणाली, "गल्लीत तुमच्याच कॉलेजच्या पोरी राहतात. वरून पँट घालून जा!"

मग मी पँट घालून निघायचो. तलवाडा रोडवर एक चहाची टपरी आहे, पहाटे बंद असते. तिच्या खिळ्याला पँट अडकवायची आणि पळायचं. एक दिवस परत आलो तर टपरी लवकर उघडलेली, आणि टपरीवाला माझ्या पँटनं बाकडं पुसतोय!

"तुमची व्हय, सर? मला वाटलं कोनी टाकून दिली."

कॉलेज भरायच्या वेळेला मी उघड्या मांड्यांनी बसस्टँडसमोरून घरी आलो. पोरं रांगेत उभी राहून "गुड मॉर्निंग सर" म्हणाली. वर्गात एकानंही कधी म्हटलेलं नाही.

*

आमच्याकडं मोठा माणूस पळताना दिसला की लोक वाईट बातमीच धरून चालतात. एका पहाटे मी एकटाच पळत होतो, तर शेजारी मोटारसायकल थांबली.

"कोन गेलं, सर?"

तलवाड्याचे अंकुशराव. परीक्षेत त्यांच्या पोराला मी कॉपी करताना पकडलं होतं. माणूस कधी एक शब्द बोलला नाही, त्यामुळं मलाच त्यांच्यासमोर अवघडल्यासारखं व्हायचं.

"कोणी नाही गेलं. मी पळतोय."

"पळायलात ते दिसतंय की! बसा म्हनतो ना!"

बसलो. त्यांनी गाडी थेट सरकारी दवाखान्याच्या दारात नेली. "जा आत. मी थांबतो हितं, कायबी लागलं तर सांगा."

काय सांगणार? आत गेलो, बीपी तपासून घेतलं आणि बाहेर येऊन "आता बरंय" म्हणालो.

*

बप्पांची तऱ्हा वेगळी. ते पळायचे आणि मागून त्यांची जीप यायची. दम लागला की आत बसायचे, आम्हाला ओलांडून पुढं जायचे, आणि आम्ही पोचलो की उतरून परत सोबत पळायला लागायचे.

मी म्हटलं, "बप्पा, हे चालत नाही हो."

"कावून? पळताना बी दिसलो, पोचलेला बी दिसलो. आनखी काय पायजे?"

*

स्पर्धा आठवड्यावर आली आणि चौकात फ्लेक्स लागला. त्यावर माझा एकट्याचा फोटो, पासबुकावरचा, म्हशीएवढा मोठा केलेला. खाली ठळक अक्षरं : 'हाफ मॅरेथॉन यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल सरांचे हार्दिक अभिनंदन!'

मी धावत बप्पांकडं गेलो. "बप्पा, अजून पळायचंय!"

"पळनारच हाव की! पुतन्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स छापायला टाकलाच होता, म्हनलं त्यातच तुमचा बी उरकून घ्यावा. माझे फोटो लई झाले, म्हनून तुमचा टाकला."

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये पेढे. प्राचार्यांनी शाल घातली. मी "अजून झालेली नाही" म्हणालो, तर टाळ्या वाढल्या. "सर लई साधे हायत," शिपाई म्हणाला. कॉपी पकडणारा कडक मास्तर म्हणून माझं नाव, आणि माझंच उत्तर आधी छापून आलेलं, पेपर बाकी! आता ते एकवीस किलोमीटर पूर्ण केल्याशिवाय त्या चौकातून मान वर करून जाता येणार नव्हतं.

*

बीडच्या स्पर्धेत सलीमभाई मजेत शेवटपर्यंत पोचले. बप्पांनी चौथ्या किलोमीटरला एक ओळखीचं हॉटेल बघून पोह्यांवर स्पर्धा संपवली. मी शेवटचा. माझ्यामागं फक्त अँब्युलन्स. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून विचारायचा, "सर, बसता का? माझा बी नाष्टा राह्यलाय."

"नाही!" मला पुढं रस्ता दिसत नव्हता, फ्लेक्स दिसत होता.

थोडंच राहिलं होतं. पण पोटऱ्यांत असे गोळे आले की मी रस्त्यावर बसलो तो उठलोच नाही. मला अँब्युलन्समधून शेवटच्या फुगवलेल्या कमानीखालून नेलं. तोपर्यंत कमानीतली हवासुद्धा काढायला घेतली होती. रडू आलं, खोटं कशाला सांगू.

सलीमभाईंनी पाठीवर हात ठेवला. "किसीकू नै बोलते, सर."

त्यानं तर आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

दुसऱ्या दिवशी पहाटे मी घरातलं स्टूल आणि भाजीचा चाकू घेऊन चौकात गेलो. पोटऱ्या ठणकत होत्या. कसाबसा स्टुलावर चढलो. खालच्या कोपऱ्याची दोरी कापली, वरच्या एका कोपऱ्याची कापली. माझा अर्धा चेहरा खाली लोंबायला लागला, तेवढ्यात मागं मोटारसायकल थांबली.

"आरं सर! सोताच बांधायलात व्हय?"

अंकुशराव. मी चाकू खिशात सारला.

"हो... जरा सुटला होता."

त्यांनी गाडी स्टँडला लावली आणि दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं.

"बांधा तुमी, मी धरतो. कालच पोराला हितं आनून दाखवला. म्हनलं, बघ बे, कॉपी न करता बी नाव हुतंय."

मी लोंबणारा कोपरा वर घेतला.

"आवळून बांधा, सर. वारं लई हाय."

मी दोन गाठी मारल्या.