सांजवातीच्या वेळचा अनोळखी नंबर

मुलांनो, अनोळखी नंबरावर माझा विश्वास नाही, आणि हे सगळं लिहून झाल्यावरही तो बसेल असं वाटत नाही. बँकेच्या नावाने बोलणारी गोड आवाजाची मुलगी, पार्सल अडकलंय म्हणून दरडावणारा पोलीस, स्टेशनातलं फुकट वायफाय, या सगळ्यांना मी दाराबाहेरच ठेवते. देवाच्या बाबतीतही माझं थोडं तसंच आहे. एकवीरा आई आपली कुलस्वामिनी. रोज संध्याकाळी तिच्यापुढे दिवा लावते, माळ ओढते. पण आईने स्वप्नात येऊन सांगितलं असं कोणी म्हणालं, की रात्री काय जेवला होतात, असं विचारावंसं वाटतं. म्हणून पुढचं जसं घडलं तसंच लिहिते. अर्थ तुमचा तुम्ही लावा.

त्या जानेवारीत माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे आजोबा एकटेच तुमच्याकडे यायला निघाले. तयारी मी केली. परदेशात चालेल असा पॅक फोनमध्ये घालून घेतला, नेट नसतानाही दिसावा म्हणून नकाशा उतरवून ठेवला, पॉवर बँक भरली. आजोबा इन्शुलिनवर, साखर एकदम उतरली तर हाताशी असावी म्हणून कोटाच्या आतल्या खिशात आपल्या लोणावळ्याची चिक्की ठेवली. त्यांच्या नावाने कोणी फसवा फोन केला तर ओळखता यावं म्हणून आमच्या दोघांत एक परवलीचा शब्दही ठरवला. तो त्यांच्याकडून पाठ करून घेतला तेव्हा ते म्हणाले, "अगं, मी नातवंडांकडे चाललोय, सीमेवर नाही."

फ्रँकफुर्टला बर्फामुळे पुढचं विमान रद्द झालं आणि सगळ्यांना एका हॉटेलात उतरवलं. दुपारी त्यांचा निरोप आला की जरा नदीपर्यंत पाय मोकळे करून येतो. ओजस, तू माझ्या फोनवर त्यांचा ठिपका दिसेल अशी सोय करून दिली होतीस ना, तो ठिपका हॉटेलातून निघालेला मी पाहिला. तो नदीवरच्या पुलापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. आधी वाटलं, नदी बघत असतील. नंतर फोन लावला तर बंद. गारठ्यात बॅटरी भराभर उतरते आणि पॉवर बँक हॉटेलच्या टेबलावरच राहिली होती, हे मागाहून कळलं. तेव्हा मात्र डोळ्यांपुढे पूल, बर्फ आणि आजोबांची साखर एवढंच येत होतं. इन्शुलिन घेतल्यावर ते नीट जेवले होते की नाही, कोण जाणे. तुमच्या बाबांना कळवलं. त्यांनी हॉटेलला विचारलं; आजोबा परतले नव्हते. "आई, मी तिथल्या पोलिसांना गाठतो, तू फोन हातात ठेव," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

वळवणला आपल्या घरात रेंज मिळते ती फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत, तीही खिडकी उघडली तर. तेव्हा गार वारा सोसत खिडकी उघडी ठेवली आणि फोन कट्ट्यावर, देव्हाऱ्याच्या शेजारी ठेवला. शेजारचे गायकवाड भाऊ धीर द्यायला येऊन बसले. देहूरोडच्या लष्करी डेपोतून निवृत्त झालेले, संशय घेण्यात माझ्यापेक्षा वरचढ. सखूबाई भाकऱ्या थापत होती, पण तिचंही लक्ष तव्यावर नव्हतं. दिवेलागण झाली. आपल्या घरचा शिरस्ता तुम्हाला ठाऊक आहे: एकदा सांजवात लागली की माळ पुरी होईपर्यंत फोन घ्यायचा नाही, मग तो कोणाचाही असो. मी दिवा लावला, आईच्या तसबिरीला जास्वंदीचं फूल वाहिलं आणि माळ हातात घेतली. मनात नाव आईचं होतं, नजर फोनवर होती.

फोन वाजला. परदेशी नंबर, पण जर्मनीचा नाही. तिथला कोड मी पाठ केला होता. भाऊंनी आपल्या फोनवर शोधलं. "आफ्रिकेतला कोड आहे, वहिनी. माणूस जर्मनीत आणि फोन आफ्रिकेतून? उचलू नका. असेच फोन करतात, तुमचा माणूस आमच्या ताब्यात आहे, पैसे पाठवा." मी कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. वाटलं, आजोबांचा फोन ज्याने चोरला तोच हा असणार.

सखूबाईला राहवेना. "उचला की काकू! फोनातनं काय साप निघतोय व्हय?"

"सखूबाई, तुम्ही भाकरीकडे बघा, करपतेय," भाऊ म्हणाले.

तिसऱ्यांदा फोन वाजू लागला तेव्हा तसबिरीवरचं फूल घसरलं आणि उजवीकडे, थेट फोनवर पडलं. सखूबाईने पिठाचे हात जोडले. "आईनं कौल दिला. आता तरी उचला!" भाऊंच्या घरी बुद्धाची मूर्ती, देवीच्या कौलाशी त्यांचं देणंघेणं नाही. ते शांतपणे म्हणाले, "वहिनी, खिडकी उघडी आहे." दोघांचंही मला पटलं. फूल उचलून बाजूला ठेवलं, आणि माळ हातात असतानाच, आयुष्यात पहिल्यांदा, फोन घेतला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला.

पलीकडे एक बाई होती. इंग्रजी बोलत होती, पण मला सवय नसलेल्या वळणाचं. तुमचे पती माझ्यासोबत आहेत, त्यांना नीट बोलता येत नाहीये, असं काहीतरी म्हणाली. मी तिला पुढे बोलू दिलं नाही. म्हटलं, आधी त्यांना विचारून आमचा शब्द सांगा. बिचारी गोंधळली. मग तिने विचारलं असावं, कारण मागे पुटपुटणं ऐकू आलं. तिने जो शब्द सांगितला तो आमचा ठरलेला नव्हता. भाऊंनी मान हलवली: कापा. माझं बोट लाल खुणेवर गेलंसुद्धा होतं.

तेवढ्यात ती म्हणाली, "ते सारखं एकच सांगताहेत. तुमची प्रार्थनेची वेळ आहे, तुम्ही आत्ता फोन घेणार नाही, तुमचं होईपर्यंत आपण थांबू. पण त्यांचे हात फार थरथरताहेत, म्हणून मी त्यांचं ऐकलं नाही. माफ करा."

मुलांनो, फसवणाऱ्याला नेहमी घाई असते. आत्ता सांगा, लगेच पाठवा, फोन ठेवू नका. माझी माळ होईपर्यंत बर्फात थांबायला तयार असलेला माणूस जगात एकच आहे. मला रडू आलं, पण भाऊ ओरडले, "वहिनी, साखर!" तशी मी भानावर आले. तिला म्हटलं, त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात हात घाला, गुळाची वडी असेल, ती द्या. आणि जवळ दुकान असेल तर गोड सरबत पाजा. मागाहून आजोबांनी सांगितलं की कवळीने चिक्की चावेना, म्हणून त्या बाईने ती पिशवीसकट कठड्यावर आपटून चुरा केला आणि मुठीमुठीने त्यांना भरवला. मग एका दुकानात नेऊन फळांचा रस पाजला.

काही वेळाने आजोबांचाच आवाज आला. थकलेला, पण त्यांचाच. "अगं, झाली का तुझी माळ?"

त्यानंतर तिने तिचा ठिपका मला पाठवला. ती स्वतःही त्या शहरात पाहुणीच. नंबर तिच्या देशातलाच होता. हॉटेलचं नाव मी तिला कळवलं, आजोबा सापडल्याचं तुमच्या बाबांना सांगितलं, आणि तो ठिपका पुलावरून हळूहळू हॉटेलकडे सरकू लागला. मी उरलेली माळ ओढायला घेतली. एक मणी, ठिपका थोडा पुढे. एक मणी, ठिपका एका वळणावर. आईचं नाव इतक्या मनापासून मी कधी घेतलं नव्हतं. ठिपका हॉटेलवर जाऊन थांबला तेव्हा सखूबाईने करपलेली भाकरी गाईसाठी बाजूला काढली आणि भाऊ डोळे पुसून म्हणाले, "खिडकी आता लावा, थंडी वाजतेय."

त्या बाईचं नाव विचारायचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी मी लांबलचक आभार लिहून पाठवले, फोन कापल्याची क्षमाही मागितली. तिचं एका ओळीचं उत्तर आलं: माझी आईसुद्धा अनोळखी नंबर उचलत नाही. पुढे मी लिहिलं ते तिला पोहोचलंच नाही. बहुधा तिने नंबर बदलला असेल.

फूल आईने पाडलं की वाऱ्याने, हे मला आजही माहीत नाही, आणि आता त्याचा कीस काढावासाही वाटत नाही. तुम्ही परगावी जाल तेव्हा नकाशा उतरवून घ्याच, पॉवर बँक खोलीवर विसरू नका, घरचा एक तरी नंबर पाठ ठेवा. आजोबांना माझा पाठ होता म्हणून तर त्या बाईला तो लावता आला. पण आपली तयारी जिथे संपते तिथे कोणाच्या तरी हातात हात द्यावा लागतो, आणि तो हात कोणाचा असावा हे आपण ठरवत नाही.

शिरस्ता अजून आहे, थोडा बदललेला. सांजवात लागली की फोन देव्हाऱ्याशेजारी असतो. अनोळखी नंबर आला तर आधी कपाळाला आठी पडते. मग चालू मण्यावर बोट तसंच ठेवते, आईकडे एकदा बघते, आणि फोन घेते.