दुसरा भाग आला का?

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो माझ्या भवितव्यासाठी, असं पप्पांचं म्हणणं. मी तेव्हा नववीत होते आणि भवितव्याचा विषय निघाला की गॅलरीत जाऊन उभी राहायचे, त्यामुळे मला कुणी काही विचारलं नाही. नव्वदचं दशक संपत आलं होतं. द्वारका चौकाजवळच्या आमच्या कॉलनीत जो तो 'आता पुढे सगळं कॉम्प्युटरवरच' असं म्हणत होता, आणि हे म्हणणाऱ्यांपैकी एकाच्याही घरी कॉम्प्युटर नव्हता. एम. जी. रोडवरच्या एका दुकानदाराने सुटे भाग जोडून आमचं मशीन तयार केलं, स्वतः येऊन हॉलच्या कोपऱ्यात मांडलं आणि जाताना पप्पांच्या हातात एक सीडी ठेवली.

"डिटेक्टिव्ह गेम आहे. मुलीचं इंग्रजी सुधारेल," तो म्हणाला. "हा पहिला भाग. दुसरा मुंबईहून मागवलाय, आला की घरपोच करतो."

आईने त्याच आठवड्यात कॉम्प्युटरला कव्हर शिवलं. आमच्या घरात टीव्हीला, मिक्सरला, टेलिफोनलासुद्धा कव्हर होतं. आई शिवणकामात पक्की होती आणि धुळीशी तिचं जुनं वैर होतं. हे कव्हर निळ्या सॅटिनचं होतं, झालर लावलेलं, आतून जाड अस्तर घातलेलं. रोज संध्याकाळी ते दोन्ही हातांनी उचलायचं, घडी घालून दिवाणावर ठेवायचं आणि मगच मशीन चालू करायचं, हा तिचा कायदा होता.

गेम साधा होता. समुद्राकाठचं कुठलंसं परदेशी गाव, तिथला एक लॉज, आणि लॉजच्या मालकाचा खून. लांब कोट घातलेला डिटेक्टिव्ह खोल्याखोल्यांतून फिरतो, ड्रॉवर उघडतो, लोकांना प्रश्न विचारतो. खोकणारा डॉक्टर, मालकाची बायको, एक टपालवाला, एक माळी. त्यांची इंग्रजी नावं आमच्या तोंडात बसेनात म्हणून आम्ही त्यांना धंद्यावरूनच ओळखायचो. माऊस माझ्या हातात असायचा. पप्पा पहिली पाळी उरकून चारपर्यंत घरी यायचे, हातपाय धुवून चहाचा कप घेऊन शेजारच्या खुर्चीत बसायचे, आणि मी भाषांतर करेपर्यंत त्यांना दम निघत नसे.

"डॉक्टर काय म्हणाला?"

"म्हणतो, मी रात्री झोपलो होतो."

"खोटं बोलतोय. झोपलेल्या माणसाच्या चपला दाराबाहेर कशा? परत विचार त्याला."

आई खाली चटईवर मेथी निवडत बसलेली असायची, आमच्याकडे अर्धी पाठ करून. तिला या खेळात काडीचा रस नाही, असा आमचा दोघांचा समज होता.

पहिला भाग संपला तो अगदी ऐन वेळी. डिटेक्टिव्हने सगळ्यांना जेवणघरात जमवलं, सगळ्यांपुढे चहा आला, त्याने बोट उचललं, म्हणाला, खुनी याच खोलीत आहे. आणि दिवे गेले. आमच्याकडचे नव्हेत, गेममधले. पडद्यावर अक्षरं आली की पुढचं दुसऱ्या सीडीवर. पप्पांनी बशीतला चहा तसाच खाली ठेवला.

इथवर ही गोष्ट घरातच राहिली असती. पण पप्पा सातपूरच्या एका कारखान्यात कामाला होते आणि सकाळी द्वारकेवरून कंपनीची बस पकडायचे. द्वारका ते सातपूर म्हणजे सिग्नलांवर थांबत थांबत होणारा प्रवास. त्या वेळात बसमध्ये कुणी पेंगायचं, कुणी युनियनवर बोलायचं. पप्पा गेमची गोष्ट सांगायला लागले. जितकं आदल्या संध्याकाळी खेळून झालं तितकंच दुसऱ्या दिवशी सांगायचं. सांगताना त्यांनी तो लॉज परदेशातून उचलून त्र्यंबकच्या वाटेवर आणून ठेवला होता. समुद्राचं धरण झालं होतं. माझ्या कानावर हे आलं तेव्हा मी रागावले, म्हटलं, पप्पा, तुम्ही पुराव्यात फेरफार करताय. ते म्हणाले, "अगं, सहा वाजता माणसाला समुद्र डोळ्यापुढे येत नाही."

बस त्या गोष्टीत अडकली. दिंडोरीकडचे एक मशिनिस्ट होते, घरी द्राक्षबाग, हंगामात डबाभर द्राक्षं आणून सगळ्यांना वाटणारे. ते पुढच्या सीटवरून मान वळवून बसायचे. ड्रायव्हरने आरसा थोडा फिरवून घेतला होता, म्हणे पप्पांचं तोंड दिसलं की नीट ऐकू येतं. दिवे गेल्याचा प्रसंग पप्पांनी सांगितला त्या दिवशी बस कारखान्याच्या गेटवर लागली तरी कुणी उतरेना. उतरताना पप्पांनी छातीवर हात ठेवून सांगून टाकलं, "खुनी डॉक्टर आहे. दुसरा भाग येऊ द्या, सिद्ध करून दाखवतो."

शब्द देऊन बसले होते ते. आणि पप्पा दिलेल्या शब्दाबाबत फार हळवे.

दुसरा भाग येईना. जूनमध्ये मी दहावीत गेले आणि आमच्याकडे दहावीचं वर्ष जसं पाळतात तसं ते पाळायला सुरुवात झाली. आधी केबल काढली. मग लग्नाच्या पत्रिका आल्या की आई 'यंदा आमच्याकडे दहावी आहे' असं सांगायची आणि समोरच्याला ते लगेच पटायचं. कॉम्प्युटरवरचं कव्हर उचलायला मला बंदी झाली. पप्पा मात्र दर पंधरवड्याला एम. जी. रोडला चक्कर टाकत. दुकानदार दर वेळी नवं कारण सांगायचा. मुंबईत माल नाही. मग, बाहेरदेशातूनच आला नाही. मग, कंपनीने अजून काढलाच नाही, बनवणाऱ्यांत भांडण लागलंय.

घरी आल्यावर यावर चर्चा व्हायची, आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये पुन्हा. पप्पांचं मत असं की कारखान्यासारखंच, गिऱ्हाईक पार्टी पहिल्या मालाचा रिपोर्ट बघते आणि मगच पुढची ऑर्डर काढते. दिंडोरीवाले काका म्हणायचे, "भाऊ, छाटणी केल्याबिगर माल येत नाय. कंपनीची छाटणी चालू असंल. थांबा जरा." ड्रायव्हरला वाटायचं की खुनी कोण हे बनवणाऱ्यांनाच ठाऊक नाही, म्हणून ते पळून गेले.

दहावी झाली, बरे मार्क पडले. केबल आठवडाभर परत आली आणि अकरावीत सायन्स घेतल्यावर पुन्हा गेली. बारावीच्या आधीच्या सुट्टीत मी कॉलेज रोडवरच्या सायबर कॅफेत जाऊन पहिल्यांदा त्या गेमचं नाव इंटरनेटवर टाकलं. पान उघडेपर्यंत शेजारच्या पोराने सिगारेट ओढून संपवली. अखेर उघडलं तर काय, कुठल्या कुठल्या देशांतले लोक एकमेकांना विचारत होते, पुढचा भाग येणार का? कुणी म्हणत होतं, कंपनी बुडाली. कुणी म्हणत होतं, येणार, डिटेक्टिव्ह तोच राहणार. मी एवढंच वाचलं आणि माझा वेळ संपला. पण मला केवढा आनंद झाला! आम्ही दोघंच खुळ्यासारखी वाट बघत नव्हतो, सगळं जग आमच्यासोबत बघत होतं. ती माणसं गेम पुरता संपवून त्याच्या पुढच्या नव्या गेमची वाट बघत होती, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

जेवताना मी ही बातमी दिली. पप्पा गंभीर झाले. आई तव्यावरची पोळी उलटत म्हणाली, "हो का? साऱ्या जगाचं अडलंय का?" आणि तिला एकदम ठसका लागला. मी तिला पाणी दिलं. त्या ठसक्याचा मला जराही संशय आला नाही, आणि म्हणे मी डिटेक्टिव्ह.

बारावीही पार पडली. मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि त्याच पावसाळ्यात पप्पांची निवृत्ती आली. महिनाअखेरीस शेवटचा दिवस. निरोपाची तयारी सुरू झाली, शाल-श्रीफळ ठरलं. पण एका संध्याकाळी पप्पा घरी आले ते चहाही न घेता दिवाणावर बसून राहिले. मी दोनदा विचारल्यावर बोलले.

"बसमध्ये आज सगळे म्हणाले, भाऊ, तुम्ही निघाला, पण आमचा खुनी कोण ते राहिलंच. मी म्हटलं, डॉक्टरच, सांगतो शेवटच्या दिवशी कसा पकडला ते. तर दिंडोरीवाला म्हणाला, 'भाऊ, मनानं जुळवून नका सांगू. खरं असंल तेच सांगा, नायतर राहू द्या.' बरोबर आहे त्याचं. इतकी वर्षं माणसं ऐकतायत. त्यांना अर्धवट सोडून घरी बसायचं, बरं वाटत नाही गं."

मला फार वाईट वाटलं. सत्कार, शाल, भाषणं, कशाचंच त्यांना पडलेलं नव्हतं, बसमधल्या लोकांना दिलेला शब्द राहतोय हे त्यांच्या मनाला लागलं होतं. मी म्हटलं, पप्पा, तो भाग आता निघायचाच नाही. ते म्हणाले, "तेच तर."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती आत गेली, शिवणाच्या डब्यातली कात्री घेऊन बाहेर आली, कॉम्प्युटरवरचं निळं कव्हर उचलून मांडीवर उलटं घेतलं आणि अस्तराची शिवण टच टच उसवायला लागली. आम्हाला वाटलं, हिला आत्ताच काय शिवण सुचतंय. झालरीच्या आत एक कप्पा होता. त्यातून तिने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली सीडी काढली आणि पप्पांपुढे धरली.

"अहो, हा घ्या दुसरा भाग."

इतकी वर्षं रोज डोळ्यांसमोर असलेलं कव्हर. नववीत तर आम्ही दोघांनी रोज उचललेलं, स्वतःच्या हातांनी.

"कधी आला?" पप्पांनी विचारलं.

"ही दहावीत गेली तेव्हाच. दुकानदार सकाळी देऊन गेला. मीच त्याला बजावलं, परीक्षा होईपर्यंत आला नाही म्हणून सांग. मग अकरावी-बारावी आली. आता काढते, मग काढते, करत राहिलं. तुम्ही दोघं या खेळात शिरलात की तुम्हाला जेवणाचं भान नसतं, हिचा अभ्यास कुठून झाला असता?"

मी चिडले. खरंच चिडले. म्हटलं, सगळं जग वाट बघतंय असं मी सांगत होते तेव्हा तू पोळ्या करत होतीस! आई म्हणाली, "मग काय करणार, करपू देऊ?"

पप्पा हसायला लागले. त्यांचं हसू थांबेना आणि मग मलाही राग धरवेना. डोळे पुसत त्यांनी विचारलं, "अगं, निदान डॉक्टरच आहे ना, तेवढं सांग."

"मी नाही सांगणार. बघा तुमचं तुम्ही."

"म्हणजे तुला माहितीये?"

आईने कात्री डब्यात ठेवली. "दुपारी घरात कोण असतं? डिक्शनरी होतीच हिची. मी दोनदा खेळलेय."

दोनदा! आणि इतकी वर्षं पप्पा डॉक्टरच्या चपलांवर तास तास बोलत होते तेव्हा ही बाई मान खाली घालून मेथी निवडत होती. मला तिचा राग आला होता त्याहून कितीतरी जास्त अभिमान वाटला. रविवारी आम्ही तिघं बसलो. आई या वेळी चटईवर नव्हती, खुर्ची ओढून बसली होती, आणि मी चुकीच्या खोलीत शिरले की नुसती खाकरायची.

डॉक्टर निर्दोष निघाला. त्याला नुसता दमा होता. खून केला होता लॉजच्या स्वयंपाकिणीने. प्रत्येक प्रसंगात ती चहा घेऊन यायची आणि जायची, पहिल्या भागापासून. आम्ही तिला एकही प्रश्न विचारला नव्हता, तिला नावही ठेवलं नव्हतं. पप्पांनी सावकाश मान वळवून आईकडे बघितलं.

"चहा टाकू?" आईने विचारलं.

शेवटच्या दिवशी पप्पांनी मला बसमध्ये सोबत नेलं. दिंडोरीवाले काका जागेवर आधीच मागे वळून बसले होते. पप्पांनी सीबीएस स्टँड येईपर्यंत लॉजमधले दिवे पुन्हा लावले, त्र्यंबक नाक्याला सगळ्यांपुढे कबूल केलं की डॉक्टरवर घेतलेला आळ चुकीचा होता, आणि मग स्वयंपाकीण पकडली. बसमध्ये एकच गलका झाला. तो ओसरल्यावर काकांनी विचारलं, "पर भाऊ, ह्यो दुसरा भाग व्हता कुठं इतके दिवस?"

पप्पांनी तेही सांगितलं, कव्हर, झालर, अस्तर, सगळं. या वेळी त्यांनी काहीच बदललं नाही, गावसुद्धा नाही. पहिल्या खुन्यापेक्षा या खुन्याला जास्त दाद मिळाली. ड्रायव्हरने गेटच्या अलीकडे बस बाजूला घेऊन थांबवली, कारण त्याला हसू आवरत नव्हतं.

संध्याकाळी पप्पा शाल, नारळ आणि हार घेऊन घरी आले. आईने ओवाळलं. पाटावर बसल्या बसल्या ते म्हणाले, "बसने तुला निरोप दिलाय. विचारतायत, तिसरा भाग कधी येणार?"

आईने निरांजन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. "आधी हिचं इंजिनिअरिंग होऊ दे."

पप्पा हार गळ्यात तसाच ठेवून उठले, कोपऱ्यात गेले आणि कॉम्प्युटरच्या कव्हरचं अस्तर चारी बाजूंनी चाचपून बघायला लागले.